दुपारी साडेचारचं दुपटं

जन्माच्या अकराव्या दिवशी, दुपारी साडेचार वाजता, माझ्या नातीचं दुपटं मी सकाळी बांधलं होतं तसं नव्हतं.

सकाळी पावणेदहाला घर सोडताना मी ते स्वतः गुंडाळलं होतं. छातीपाशी दोन बोटं आत जातील इतपत, कमरेखाली पिशवीसारखं सैल, गुडघे दोन बाजूंना पडलेले. परत आले तेव्हा दोन्ही पाय जुळवून सरळ केलेले होते, दुपटं टाचांपर्यंत आवळलेलं होतं आणि त्याचा कोपरा डाव्या बाजूला आत खोचलेला होता. मी कोपरा उजवीकडे घेते. बाळ झोपलेलं होतं. तोंड उघडं होतं, श्वास नीट चालू होता. मी दुपटं सोडलं, पाय मोकळे केले आणि वहीत वेळ लिहिली.

वही हॉस्पिटलपासूनची होती. बाळ पोटात आडवं नव्हतं, उलटं होतं, पाय खाली. म्हणून नगरच्या एका हॉस्पिटलात सिझर झालं. नर्सने दार अर्धं उघडून आधी मुलगी आहे असं सांगितलं आणि मग, जणू तीच मोठी बातमी आहे अशा आवाजात, "पायाळू आहे हो." पाचव्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी बाळाचे गुडघे दुमडून बाजूला फिरवून पाहिले. उजवा पाय सहज फिरला. डाव्या खुब्यात त्यांच्या बोटाला काहीतरी टक्क लागलं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग म्हणाले की पायाळू मुलांचा, त्यातही मुलींचा, खुब्याचा सांधा कधी कधी कच्चा राहतो. सहा आठवड्यांनी सोनोग्राफी करू, तोवर काही ठरवायचं नाही.

"तोवर एकच करा," ते म्हणाले. "पाय सरळ करून बांधू नका. वरचं अंग गुंडाळा हवं तर. पाय बेडकासारखे पडू द्या. कच्चा सांधा असताना पाय जुळवून आवळले तर तो जागेवरून सरकू शकतो."

"सरकला तर?" मी विचारलं.

"काही महिने पट्टा. पट्ट्याने भागलं नाही तर ऑपरेशन."

"आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही तर?" हे माझ्या मुलीने विचारलं.

"मग चालायला लागल्यावर लक्षात येतं. लंगडते."

आमच्या पिशवीतून मोहरीची उशी डोकावत होती. ती त्यांनी बाहेर काढून टेबलावर ठेवली. बाळाला पाठीवरच झोपवायचं, डोक्याखाली काही नाही, तोंडावर काही नाही, घरात टोपडं नाही. मी सगळं लिहून घेतलं. दैनिकाच्या डेस्कवर इतकी वर्षं काढल्यावर ऐकलेलं लिहून घेण्याची सवय लागते. त्याच पानावर खाली कुणाला कधी सांगितलं तेही लिहिलं. मुलगी, समक्ष. जावई, त्याच दिवशी फोनवर. विहीणबाई, त्याच संध्याकाळी. न्हाऊ घालणाऱ्या मावशी, सहाव्या दिवशी, पहिल्या आंघोळीच्या वेळी.

म्हणजे अकराव्या दिवशी दुपटं ज्यांनी कुणी बांधलं, त्यांना माहीत होतं. माझा तर्क इथून सुरू झाला.

मावशी पाथर्डीकडच्या. वीस वर्षं ऊसतोडीला गेल्या, मग नागापूरच्या पुढे पत्र्याच्या दोन खोल्या घेऊन राहिल्या आणि बाळंतिणींची कामं धरली. सकाळी नऊला बाळाची आंघोळ. दुसऱ्या घरचं उरकून बाराला परत येऊन माझ्या मुलीचे हातपाय चोळायच्या आणि एकला जायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पाय पसरून बाळाला पोटऱ्यांवर घेतलं, तेल लावलं, पाणी घातलं आणि शेवटी दोन्ही पाय धरून जुळवायला घेतले. मी थांबवलं.

"पाय जुळवायचे नाहीत."

"वढ दिल्याबिगर पाय सरळ व्हत्यात व्हय, ताई?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. बांधायचेही नाहीत."

त्यांनी बाळाच्या डाव्या मांडीवर हात ठेवला. "ह्यो जरा आखडतोय," म्हणाल्या. कोणता पाय ते मी सांगितलं नव्हतं. मग, "बरं."

"बरं" हे उत्तर मी नोकरीत खूपदा ऐकलं आहे. त्यात होकार नसतो आणि नकारही नसतो. अकराव्या दिवशी पाय बांधलेले दिसले तेव्हा मला पहिल्यांदा ते "बरं" आठवलं.

मुलीला विचारलं. दुपारी तिला झोप मिळावी म्हणून पाळणा बाहेरच्या खोलीत असायचा.

"तू बदललंस?"

"नाही. मावशी गेल्या आणि मी झोपले. साडेतीनला पाजलं तेव्हा असंच होतं."

"असंच म्हणजे पाय सरळ?"

"आई, मी अर्धवट झोपेत होते. पाजायचं की तुझ्या वहीला साक्ष द्यायची?"

"मग सोडलं का नाहीस?"

"मला वाटलं तूच बांधून गेलीस."

नवऱ्यांना विचारलं. ते निवृत्त आहेत. दुपारी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पेपर आणि मोबाईल घेऊन बसलेले असतात.

"दुपारी कुणी आलं होतं?"

"कोण येणार? मावशी आल्या, गेल्या. गुरुजी पेपर न्यायला आले होते."

गुरुजी म्हणजे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. ते रोजच पेपर न्यायला येतात. मी पुढे काही विचारलं नाही. आमची मुलगी लहान असताना नवऱ्यांनी तिचं दुपटं एकदाही बदललं नव्हतं. त्या आधारावर मी त्यांना बाजूला काढलं.

बाराव्या दिवशी बारसं होतं, घर माणसांनी भरलेलं होतं आणि बाळ दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर होतं. त्या दिवसाचा उपयोग नव्हता. तेराव्या दिवशी साडेचारला पुन्हा पाय सरळ, कोपरा डावीकडे. चौदावा दिवस रविवार. मी घरीच होते. मावशी बारालाही आल्या, मुलीचे पाय चोळून गेल्या, दुपट्याला कुणी हात लावला नाही. माझ्यासमोर कुणी लावणार नाही, असा अर्थ मी काढला.

पंधराव्या दिवशी सकाळी दुपट्याच्या दोन बाजू जिथे एकमेकींवर येतात तिथे मी निळ्या पेनने प्रत्येकीवर एक असे दोन ठिपके काढले, एकाखाली एक, आणि फोटो घेतला. साडेचारला ठिपके एकमेकांपासून चार बोटं लांब गेले होते. मी पुन्हा फोटो घेतला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"तू आमच्यावर पाळत ठेवतेयस का?"

"दुपट्यावर ठेवतेय."

"मग कॅमेराच लाव ना सरळ."

त्याचाही विचार केला होता. तेवढी गरज वाटली नाही, कारण नाव माझ्यापुरतं ठरलेलं होतं. सोळाव्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर मी मावशींना स्वयंपाकघरात बोलावलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"काय चुकलं का, ताई?"

"पाय बांधू नका म्हटलं होतं."

"म्या न्हाई बांधले."

"मग कोण बांधतं?"

त्या बाहेरच्या खोलीकडे पाहत राहिल्या. तिथे नवरा चहा पीत होते. "घरात इचारा," मावशी म्हणाल्या. आपली पिशवी घेतली, जाता जाता बाळाच्या तळव्याला बोट लावलं आणि गेल्या. "घरात" म्हणजे माझ्या मुलीला, असं मी समजले. रागाने माणूस असं बोलतं, हेही मीच ठरवलं. त्या दुपारी पाय पुन्हा सरळ मिळाले; बाराला शेवटचं येऊन त्यांनीच बांधले असं मी धरलं.

सतराव्या दिवशी दुपटं जसंच्या तसं मिळालं. ठिपके जागेवर. मी वहीत बरोबरची खूण केली. त्या संध्याकाळी मुलगी माझ्याशी फारसं बोलली नाही. आता बाळाला न्हाऊ कोण घालणार, एवढंच तिने विचारलं. मी घालेन म्हटलं.

अठराव्या दिवशी पाय पुन्हा सरळ होते. कोपरा डावीकडे.

त्या दिवशी मावशी शहराच्या दुसऱ्या टोकाला होत्या, हे मी नंतर खात्री करून घेतलं. तेव्हा मात्र डोळ्यांपुढे एकच माणूस उरलं, ते म्हणजे माझी मुलगी. पहिलटकरीण, टाके अजून दुखतायत, झोप नाही. सैल बांधलं की बाळ दचकून उठतं, आवळलं की तासभर जास्त झोपतं, हे तिच्या लक्षात आलं असेल. ती खोटं बोलत असेल, असं मी स्वतःशी पहिल्यांदा म्हटलं. ते वहीत लिहिलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी ऑफिसातून दीडला निघाले आणि दोनला पाच मिनिटं कमी असताना घरी पोचले. दाराला आतून कडी नव्हती.

बाहेरच्या खोलीत जमिनीवर सतरंजी अंथरली होती. तिच्यावर गुरुजी पालथे पडले होते. सदरा खांद्यांपर्यंत वर गेलेला. त्यांच्या बाजूला नवरा गुडघ्यांवर बसले होते, बाळाला काखेत धरून उभं केल्यासारखं. बाळाचे दोन्ही तळवे गुरुजींच्या कमरेवर टेकलेले होते. दुपटं सोफ्यावर पडलं होतं. बाळ जागं होतं आणि गप्प होतं.

"जरा डावीकडे," गुरुजी म्हणाले.

नवऱ्यांनी मला पाहिलं. "थांबा, गुरुजी."

"थांबू कसा? आत्ता कुठं बरं वाटायला लागलंय."

"वहिनी आल्यात तुमच्या."

गुरुजी उठायला गेले, पण एका दमात उठता येईना. आधी कुशीवर झाले, मग हात टेकून बसले आणि सदरा खाली ओढला. मी बाळाला घेतलं.

पायाळू माणसाचा पाय लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं. नर्सने "पायाळू आहे" म्हटलं तेव्हा मी ते ऐकलं आणि सांध्याच्या बाजूने लिहून घेतलं. नवऱ्यांनी ते दुसऱ्या बाजूने लक्षात ठेवलं होतं.

"सिलिंडर उचलताना भरली होती," गुरुजी म्हणाले. "शंका एकच होती, सिझरचं चालतं का."

"मग?"

"हे म्हणाले, बाहेर कुठूनही काढलं तरी आत पाय खालीच होते. मूळ मुद्दा पायांचा. मला पटलं. आज मी वाकून चप्पल घातली, वहिनी."

"किती वेळा झालं हे?"

"आजचं सोडून पाच," नवरा म्हणाले. "मधे एक दिवस गुरुजी श्रीगोंद्याला लग्नाला गेले होते." तो सतरावा दिवस होता. "लाथबिथ मारायला लावत नाही मी. नुसते टेकवतो."

मी बाळाला सोफ्यावर ठेवलं. "आता हे बांधून दाखवा."

त्यांनी दुपटं पसरलं, सुरकुत्या तळहाताने काढल्या, बाळाला मधोमध घेतलं. पाय जुळवले, खालची कड वर घेतली, एक बाजू ओढली, दुसरी तिच्यावर ओढली आणि कोपरा डावीकडे आत खोचला. न पिन, न गाठ. अर्धं मिनिटही लागलं नाही. नागापूरच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं पॅकिंगला होते. रोज सकाळी डब्याचं फडकं ते असंच बांधत, माझ्यासमोर, ओट्यावर. माझ्या मोबाईलमध्ये या बांधणीचे तोवर सहा फोटो जमले होते.

"पाय का आवळले?"

"सैल ठेवलं की वाटेत हलतं."

"ती कुठं जाणार आहे?"

त्यांनी खोचलेला कोपरा अंगठ्याने नीट दाबला. मग म्हणाले, "उघडं केलं की पाय गार पडतात तिचे."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"कुणाला?"

मी पिशवीतून वही काढली. पाचव्या दिवसाचं पान. डॉक्टर बोलत होते तेव्हा नवरा खाली मेडिकलमध्ये औषधांच्या रांगेत होते. वर आले तेव्हा आम्ही निघालो होतो. यादीत चार माणसं होती. मुलगी, जावई, विहीणबाई, मावशी.

"विहीणबाईंना फोन करून सांगितलंस," नवरा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मावशींना सांगितलंस. मला कुणी सांगितलं?"

मुलगी आतून येऊन दारात उभी होती. तिने वही माझ्या हातातून घेतली, यादी वाचली आणि परत दिली.

मी त्यांना तेव्हा सगळं सांगितलं. डावा पाय दाखवला. त्यांनी दुपटं पुन्हा सोडलं आणि दोन्ही गुडघे बाजूला पडू दिले, मग बराच वेळ कापडाला हात लावला नाही. गुरुजींनी सतरंजीची घडी केली. "सांध्याला काही झालं नसेल ना?" त्यांनी दारातून विचारलं. मी वहीत पाचवं नाव लिहिलं. वेळ, दोन वाजून वीस मिनिटं.

डॉक्टरांना फोन केला. किती दिवस, किती तास, ते त्यांनी विचारलं. पाच दिवस, दर वेळी दोन-अडीच तास, असं मी सांगितलं. बाळाला पायांवर उभं धरू नका, पाय मोकळे ठेवा आणि सहा आठवड्यांनी या, म्हणाले. काही बिघडलं का, यावर त्यांनी आत्ता सांगता येणार नाही एवढंच उत्तर दिलं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मी नागापूरच्या पुढे मावशींकडे गेले. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी चूक माझी होती असं सांगितलं. त्यांनी बसायला पाट सरकवला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"बारसं झाल्याच्या दुसऱ्या दिशी. माझा तेलाचा डबा राह्यला हुता म्हनून माघारी आले. तर मास्तर सतरंजीवर, अन् मालक लेकरू बांधत हुते."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या मालकाचं नाव तुमच्याम्होरं म्या कसं घ्यायचं, ताई? घरात इचारा म्हनलं हुतं की."

"मला वाटलं, पाय बांधायची तुमचीच रीत."

"वढ द्यायची ती न्हाताना. झोपताना न्हाई." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "उसाच्या फडात लेकरू बांधावंच लागतं. आपन कोयता घिऊन लांब, लेकरू बांधाला. पन वर आवळायचं, खाली मोकळं सोडायचं. अन् तोंडावर फडकं टाकायचं न्हाई, पाचट उडू द्या न्हाईतर काय बी होऊ द्या. एकीनं टाकलं हुतं."

"कुणी?"

त्या पाणी आणायला आत गेल्या. बाहेर आल्यावर गुरुजींची कंबर कशी आहे ते विचारलं. वहीत "एकीनं टाकलं हुतं" या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

दुसऱ्या दिवसापासून येता का, असं मी विचारलं. त्यांनी आमच्या वेळेला दुसरं घर धरलं होतं. "आईतवारी येते," म्हणाल्या, आणि दर रविवारी आल्या. बाकीचे दिवस आंघोळ नवऱ्यांनी घातली. मी पाणी ओतायचे. दुपटंही तेच गुंडाळत. पाय मोकळे सोडून, कोपरा डावीकडे. साडेचारला घरी आले की मी आधी पाळण्यापाशी जायचे. ते सोफ्यावरून पेपर खाली घेऊन बघत राहायचे.

"मोज," ते एकदा म्हणाले. "दोन बोटं आहेत."

मी मोजली. दोन होती.

सहा आठवडे पुरे झाले त्या दिवशी आम्ही चौघं सोनोग्राफीला गेलो, बाळ धरून. या वेळी औषधांच्या रांगेत कुणी थांबलं नाही. उजवा खुबा नीट होता. डावा अजून कच्चा होता, पण जागेवर होता. डॉक्टरांनी पट्टा दिला नाही. चार आठवड्यांनी पुन्हा बघू म्हणाले.

"माझ्या बांधण्यामुळे राहिला का?" नवऱ्यांनी विचारलं.

"सांगता येणार नाही. न बांधताही राहतो."

नवऱ्यांनी तोच प्रश्न जिन्यात मला विचारला. डॉक्टर म्हणाले तेच मी सांगितलं.

त्या चार आठवड्यांत बाळ कुशीवर वळायची धडपड करायला लागलं. वळणाऱ्या बाळाला गुंडाळायचं नसतं, तोंड खाली गेलं तर हात सोडवता येत नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. या वेळी ते पाचही जणांना माहीत होतं. नवऱ्यांनी दुपटी धुऊन, उन्हात वाळवून, घड्या घालून कपाटात ठेवली. त्यातल्या एकावर निळे ठिपके तसेच राहिले होते.

दुसरी सोनोग्राफी ठरल्या दिवशी झाली. अहवाल आम्हाला अकरा वाजून दहा मिनिटांनी मिळाला. त्यावर लिहिलं होतं: उजवा खुबा, वयानुसार योग्य. डावा खुबा, वयानुसार योग्य.